नंदेच्या उंबरठ्याशी थांबा

चारबाग, लखनौ
भाद्रपद शुद्ध अष्टमी

महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांचे पदाधिकारी आणि हिमालयात मोहिमा घेऊन जाणारे सर्व आयोजक यांस,



नंदादेवी शिखर गिर्यारोहकांसाठी पुन्हा खुलं करण्याबाबत उत्तराखंडात सरकारी पातळीवर चर्चा सुरू असल्याच्या बातम्या २०२५ साली आल्या. तेव्हापासून माझ्या ओळखीतले दोन-चार मराठी गिर्यारोहक परवान्याच्या अर्जाची भाषा बोलू लागले आहेत. त्यांचा उत्साह मला समजतो. ७,८१६ मीटर उंचीचं, सबंध भारताच्या हद्दीत असलेलं सर्वांत उंच शिखर, आणि चाळीसहून अधिक वर्षं बंद असलेली वाट. डोंगर चढणाऱ्या कोणाचंही मन तिकडे ओढ घेईल. तरीही मी तुम्हाला विनवते की ही मागणी आपण मराठी माणसांनी करू नये. कोणी केली तर तिच्यावर आपल्या संस्थांची सही असू नये. का, ते जरा विस्ताराने लिहिते.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर लखनौचं. आयुष्यभर इथल्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं. घर चारबागला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पुष्पकने लखनौला उतरून काठगोदामची गाडी धरणारे मराठी गट मी वर्षानुवर्षं पाहत आले. कुणी पिंडारीला निघालेलं, कुणी बेदनी बुग्यालला, आणि मध्यंतरीची काही वर्षं तर रूपकुंडला जाणाऱ्या मुलामुलींची रीघ लागली होती. चुकलेल्या गाडीमुळे कित्येकदा त्यांच्यातले काही आमच्या घरी पिठलं-भात जेवून गेले. गुणी मुलं. वजन किती उचलायचं, उंचीवर श्वास कसा सांभाळायचा, दोर कसा बांधायचा, सगळं पाठ. पण ज्या डोंगराकडे निघाली आहेत तो कोणाचा आहे, तिथे कोण राहतं, तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची हद्द कोणाच्या शेतावरून आणि कुरणावरून गेली आहे, हे त्यांना कोणीच सांगितलेलं नसे. ते सांगायचं काम मोहीम नेणाऱ्यांचं, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी त्या खोऱ्याचं सांगते. नंदादेवीभोवती उंच शिखरांचं एक कडं आहे. दुनागिरी, चांगबांग, कलंक, त्रिशूळ, नंदाघुंटी, मृगथुनी अशी एकाहून एक शिखरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. या कड्याच्या मधोमध, आणखी एका आतल्या भिंतीआड, दोन शिखरांची नंदादेवी. पश्चिमेचं मुख्य शिखर, आणि पूर्वेचं ७,४३४ मीटरचं, ज्याला सुनंदादेवी म्हणतात. सगळ्या हिमनद्यांचं पाणी बाहेर पडायला वाट एकच, ऋषिगंगेची घळ. ही घळ इतकी अरुंद आणि उभी की आतल्या खोऱ्यात माणसाची वस्ती कधी झालीच नाही. खाली देवदार आणि रागा, वर भूर्ज आणि बुरांस, त्याहून वर जुनिपरची झुडपं आणि मग गवताळ उतार. त्या उतारांवर भरल चरतात, त्यांच्या मागावर हिमबिबट्या असतो. कस्तुरीमृग आहे, मोनाल आहे, थार आहे. ब्रह्मकमळ आहे. आपल्याकडे कुंडीत रात्री फुलणाऱ्या निवडुंगाला ब्रह्मकमळ म्हणतात, ते हे नव्हे. हे खडकांच्या फटीत, चार हजार मीटरच्या आसपास, पावसाळ्याच्या अखेरीस उमलतं, आणि नंदेला वाहिलं जातं.

या खोऱ्यात पाश्चात्त्य गिर्यारोहक शिरायचा प्रयत्न करत होते ते १८८३ पासून. यश आलं १९३४ साली. एरिक शिप्टन आणि बिल टिलमन, आणि त्यांच्याबरोबर आंग थार्के, पासांग आणि कुसांग हे तीन शेर्पा. पहिल्या दोन नावांची पारायणं आपल्या शिबिरांत होतात, पुढची तीन क्वचितच कोणी घेतं. दोनच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९३६ रोजी, टिलमन आणि नोएल ओडेल शिखरावर पोचले. १९५० साली अन्नपूर्णेवर माणूस चढेपर्यंत एवढ्या उंचीच्या दुसऱ्या कुठल्याही शिखरावर कोणी उभं राहिलं नव्हतं.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, पण ती पूर्ण सांगितली जात नाही. चीनने १९६४ साली अणुचाचणी केली. त्यानंतर तिथल्या क्षेपणास्त्रांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकी आणि भारतीय गुप्तचर संस्थांनी १९६५ साली नंदादेवीवर एक यंत्र बसवायचं ठरवलं. त्याला वीज पुरवणारं जनित्र प्लुटोनियमवर चालणारं. वादळामुळे चमूला ते सामान वाटेत बांधून ठेवून परतावं लागलं. १९६६च्या वसंतात माणसं परत गेली, तेव्हा ते जागेवर नव्हतं. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी १९७८ साली संसदेत या मोहिमेची कबुली दिली. ते प्लुटोनियम आजतागायत सापडलेलं नाही. खालच्या गावांतल्या लोकांना त्यांच्या डोक्यावर काय नेऊन ठेवलं आहे हे बारा-तेरा वर्षं कोणी सांगितलं नाही. ही गोष्ट थरारक हेरकथा म्हणून शेकोटीभोवती रंगवली जाते, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ऋषिगंगेचं पाणी पिणाऱ्या माणसांसाठी ती हेरकथा नाही.

१९७४ मध्ये खोरं परदेशी मोहिमांनाही खुलं झालं आणि आठ वर्षांत त्याची रया गेली. वाटेतल्या जुनिपरची आणि भूर्जाची जळणासाठी तोड, तळावर डबे आणि प्लास्टिक, कस्तुरीमृगांची चोरटी शिकार. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि लगोलग आतलं खोरं सर्वांनाच बंद करण्यात आलं. १९८८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि २००५ साली शेजारचं पुष्पदरीचं उद्यानही त्यात जोडलं गेलं. १९९३ साली सैन्याच्या अभियंत्यांची एक मोहीम शास्त्रज्ञांसह आत गेली, तेव्हा तिला आधीच्या मोहिमांचा कचरा खाली आणावा लागला.

पण डोंगराला हद्द घालायची कल्पना काही १९८२ ची नाही. पहाडातल्या बायकांनी ती फार आधी घालून ठेवली आहे.

आज भाद्रपद शुद्ध अष्टमी. तुमच्या घरी या दोन-चार दिवसांत गौरी आल्या असतील किंवा येतील. माहेरवाशिणीसारखी तिची पावलं काढायची, पहिल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, तिसऱ्या दिवशी ओटी भरून निरोप. गढवाल आणि कुमाऊंमध्ये आज नंदाष्टमी. तिथेही एक माहेरवाशीण निरोप घेते. नंदा ही साऱ्या पहाडाची लेक. तिला शंकराला दिलं, कैलासावर. जागरांत बायका तिची कहाणी रात्रभर गातात. सासर थंडगार, घर धड नाही, नवरा जोगी, भांगेत गुंग. इतर बहिणी कशा चांगल्या घरी पडल्या आणि माझ्याच वाट्याला हे बर्फ का, म्हणून ती आईवर रुसते. भोंडल्याच्या आणि हादग्याच्या गाण्यांत सासरची गाऱ्हाणी ऐकत वाढलेल्या कुठल्याही मराठी बाईला हे परकं वाटणार नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गढवाली येत नव्हतं, तरी डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या म्हातारीने मग एकेक ओळ हिंदीत समजावून सांगितली.

फरक आहे तो निरोपाचा. आपण गौरीला नदीपर्यंत किंवा विहिरीपर्यंत पोचवतो. पहाडातली माणसं नंदेला चालत तिच्या सासरपर्यंत नेऊन सोडतात. दरवर्षीची छोटी जात, म्हणजे यात्रा, कुरूडहून निघते आणि बेदनी बुग्यालवर पोचते. मोठी जात, म्हणजे राजजात, बारा वर्षांनी एकदा काढायची परंपरा आहे. २०००च्या नंतर ती २०१४ साली निघाली. कर्णप्रयागजवळच्या नौटी गावापासून सुमारे २८० किलोमीटर, जवळपास तीन आठवडे. पुढे चार शिंगांचा मेंढा, चौसिंग्या खाडू. त्याच्या पाठीवर झोळी, तिच्यात लेकीसाठी दागिने, बांगड्या, कापडचोपड, खाऊ. गावोगावच्या देवांच्या डोल्या आणि छत्र्या वाटेत येऊन मिळतात. गावाच्या शिवेवर बायका तिला जवळ घेऊन रडतात, काकडी आणि चुडा बांधून देतात.

ही जात शेवटी होमकुंडला पोचते. तिथे पूजा होते, आणि मेंढ्याला मोकळं सोडतात. तो एकटा बर्फाच्या दिशेने निघून जातो. माणसं तिथून वळतात.

एवढं तीन आठवडे पायपीट करून, पाय सोलवटून आलेली हजारो माणसं. त्यांच्यात मेंढपाळ असतात, डोंगर कोळून प्यायलेले असतात. पण मेंढ्याच्या मागे कोणी जात नाही. पुढचं घर लेकीच्या सासरचं आहे आणि व्याह्याच्या घरात बोलावल्याशिवाय शिरायचं नसतं, एवढी साधी त्यामागची समजूत. वनखात्याच्या कुठल्याही अधिसूचनेपेक्षा ही रेघ मला भक्कम वाटते. कारण ती शतकानुशतकं पहारेकऱ्याविना पाळली गेली.

ज्याने ती पाळली नाही त्याची गोष्टही पहाडाने जपून ठेवली आहे, आणि तो माणूस आमच्या बाजूचा. कनौज इथून जवळच. तिथला राजा जसधवल, त्याची राणी बलंपा गढवालची लेक. राजा राजजातीला निघाला तो लवाजमा घेऊन, नर्तकी घेऊन, गरोदर राणीला घेऊन. पवित्र जागी त्याने नाच-गाणं मांडलं. देवी कोपली. पातर नाचौणी म्हणतात त्या ठिकाणी नर्तकी दगड झाल्या. राजा तरीही पुढे गेला. मग आभाळातून लोखंडासारख्या गारा कोसळल्या, आणि सारा लवाजमा रूपकुंडात कायमचा राहिला.

रूपकुंड त्रिशूळच्या कुशीत पाच हजार मीटरवर आहे, उद्यानाच्या सीमेबाहेर, पण नंदेच्याच वाटेवर. १९४२ साली एका वन-अधिकाऱ्याला तिथे माणसांची हाडं दिसली. शेकडो माणसांची. ती कोणाची, हे शोधायला पहिल्यांदा पुढे आलेल्यांत लखनौ विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ डी. एन. मजुमदार होते, १९५०च्या दशकात. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्या सांगाड्यांचा अभ्यास केला. काही कवट्यांवर वरून गोल, जड वस्तूचा आघात झाल्याच्या खुणा होत्या, म्हणजे गारांची गोष्ट अगदीच मनातली नव्हती. आणि २०१९ साली जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले आणि डेक्कन कॉलेजमधले संशोधक होते. ३८ जणांच्या हाडांतला डीएनए तपासला. २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, इसवी सन ८००च्या सुमारास आणि तेही एकाच वेळी नव्हे, वेगवेगळ्या प्रसंगी मेलेले. १४ जणांचं नातं थेट पूर्व भूमध्य प्रदेशाशी, आणि त्यांचा काळ १८०० च्या आसपासचा. एक आग्नेय आशियाई. भूमध्य समुद्राकडची माणसं त्या तळ्याशी कशाला गेली होती, याचं उत्तर कोणापाशीच नाही. माझं सासर आणि माझं माहेर या हाडांपाशी एकत्र आलं, याचा मला अभिमान आहे.

त्याच रूपकुंडच्या वाटेवर आपल्याकडून काय झालं, ते मात्र अभिमानाचं नाही. बेदनी आणि आली ही बुग्यालं म्हणजे हिमालयातल्या सर्वांत मोठ्या गवताळ पठारांपैकी. तिथे सुटीच्या दिवसांत तंबूंच्या वसाहती पडत. गवताचा तो थर तयार व्हायला शतकं लागतात. तंबूचे चर आणि खेचरांचे खूर त्याला एका हंगामात फाडतात, आणि मग पावसाळ्यात माती वाहून जाते. शेवटी २०१८च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला. त्या तंबूंत मुंबई-पुण्याचे तंबू पुष्कळ होते. हे तुमच्या संस्थांनी आपल्या वार्षिक अहवालांत एकदा तरी लिहायला हवं.

आता चारबागचं. इथून मी हे पत्र लिहिते त्याला कारण आहे.

कानपूरहून पहिली आगगाडी लखनौला आली १८६७ साली. तीनच वर्षं आधी, १८६४ मध्ये, इंग्रजांनी वनखातं स्थापन केलं होतं. या दोन सनांचा संबंध आहे. रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर लागत, मैलामैलाला शेकड्यांनी, आणि काही वर्षांनी ते बदलावे लागत. तराईतला साल, वरचा देवदार, चीड, सगळं रेल्वेच्या पोटात गेलं. भागीरथीच्या खोऱ्यात हर्सिलच्या विल्सनने देवदाराचे ओंडके नदीत सोडून मैदानात उतरवले आणि त्यावर अफाट पैसा केला. १८८४ मध्ये रेल्वे काठगोदामला पोचली. उन्हाळा लागला की साहेबलोक वर नैनितालला जात आणि लाकूड खाली येई. पाठोपाठ माणसंही खाली आली. जंगलावरचा हक्क गेला, कुरण आटलं, शेतीवर भागेना, तेव्हा पहाडी गावांतले तरुण मैदानातल्या शहरांत आले. लखनौच्या कित्येक घरांतले स्वैपाकी, कचेऱ्यांतले चौकीदार, ढाब्यांवरची पोरं पहाडातली असत, आणि मागे राहिलेलं गाव बायका आणि मनीऑर्डर यांच्यावर चालत असे. चारबागच्या फलाटांवर मी ती माणसं पाहिली आहेत, होळीला घरी जाताना, हातात ट्रंक आणि गुळाची भेली घेऊन.

उत्तराखंड वेगळं राज्य झालं ९ नोव्हेंबर २००० रोजी. तोवर त्या डोंगरांचे निर्णय याच शहरात होत. इथल्या विधानभवनात पहाडी मुख्यमंत्रीही बसले. त्यांतले पहिले गोविंद वल्लभ पंत अल्मोड्याकडचे. कुमाऊंतले पंत आपलं मूळ महाराष्ट्रात सांगतात, ही इथल्या मराठी मंडळींची आवडती आठवण आहे. पण खुर्चीवर कोणीही असलं तरी फाइल लखनौची होती आणि झाड पहाडातलं.

नंदादेवीच्या दाराशी असलेल्या रेणी गावाजवळची सुमारे अडीच हजार झाडं ठेकेदाराला विकली गेली, तीही अशाच व्यवस्थेत. २६ मार्च १९७४. गावातले पुरुष चमोलीला गेले होते, १९६२च्या युद्धानंतर सैन्याने घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार म्हणून. ती संधी साधून मजूर आणि वनखात्याची माणसं जंगलात आली. एका मुलीने त्यांना पाहिलं आणि ती धावत गौरादेवींकडे गेली. गौरादेवी लाता गावची लेक, रेणीची सून, तरुणपणीच वैधव्य आलेली, महिला मंगल दलाची अध्यक्ष. सत्तावीस बायका आणि मुली जंगलात गेल्या. हे जंगल आमचं माहेर आहे, अशी त्यांची भूमिका होती. शिव्या ऐकल्या, बंदूक पाहिली, हलल्या नाहीत. रात्रभर झाडांपाशी पहारा दिला. मजूर परत गेले. पुढे दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, आणि तिच्या अहवालानंतर रेणी आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात दहा वर्षं तोडबंदी झाली.

त्यानंतर आठ वर्षांनी राष्ट्रीय उद्यान आलं. आणि लखनौहून निघालेल्या त्या हुकुमाने कोणाला बाहेर काढलं? गिर्यारोहकांना तर काढलंच. पण लाता, रेणी, तोलमा या गावांची कुरणं गेली, जडीबुटी गोळा करण्याचा हक्क गेला, मोहिमांबरोबर वाटाड्या आणि हमाल म्हणून मिळणारी मजुरी गेली. जंगल वाचवणाऱ्या बायकांना त्याच जंगलात गवत कापणं गुन्हा ठरला. शिखरावर चार दिवस येऊन जाणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चारणारा, दोघांना एकाच फाटकाबाहेर उभं करणं हा अन्याय होता, असं मी स्पष्ट म्हणते. १९९८ साली लाताच्या लोकांनी 'झपटो छीनो' म्हणत उद्यानात मोर्चा नेला. ऑक्टोबर २००१ मध्ये त्यांनी लातामध्ये आपला जाहीरनामा काढला. पर्यटन येऊ दे, पण ते गावाच्या हाती असू दे, बायकांचा त्यात बरोबरीचा वाटा असू दे, बाहेरच्या कंपनीला इथे मालक होऊ देणार नाही, असा त्याचा आशय. २००३ पासून मोजक्या लोकांना बाहेरच्या भागातली एक ठरावीक वाट खुली झाली, स्थानिक वाटाड्यासोबत.

फुलांचंच उदाहरण घ्या. पुष्पदरीत भ्यूंडारचे मेंढपाळ पूर्वी जनावरं नेत. उद्यान झाल्यावर चराई थांबली आणि पुढे पॉलिगोनम नावाची उंच, दाट वनस्पती पसरत गेली, इतकी की वनखात्याला ती दरवर्षी मजूर लावून उपटावी लागते. चराईबंदीचा त्यात वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्या माहेरच्या कास पठारावरही कुंपण आणि चराई यांवरून असाच वाद झाला. पण कासला एक गोष्ट चांगली झाली. आजूबाजूच्या गावांच्या समित्यांकडे हंगामाचं काम आलं, तिकिटाचा पैसा गावांत राहू लागला. चांदोलीतल्या उठवलेल्या गावांच्या वाट्याला हे आलं नाही. कास आणि चांदोली ही दोन्ही नावं २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, नंदादेवीच्या पंक्तीत. वारसा मिरवताना कोणाचं काय गेलं, हे सह्याद्रीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

७ फेब्रुवारी २०२१ची सकाळ तुम्ही टीव्हीवर पाहिली आहे. रोंटी शिखराचा एक प्रचंड कडा, खडक आणि बर्फासकट, सुटून खाली कोसळला. अंदाजे २ कोटी ७० लाख घनमीटर. ऋषिगंगेचा वीजप्रकल्प गेला, खालचा तपोवन-विष्णुगाड गेला, दोनशेहून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. त्यांत बहुतेक मजूर. ऋषिगंगा प्रकल्पाच्या सुरुंगांविरुद्ध रेणीचे लोक २०१९ सालीच उच्च न्यायालयात गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठाच्या भिंतींना तडे गेले. ते शहर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे, तिथे मोठी बांधकामं नकोत, सुरुंग नकोत, असं मिश्रा समितीने १९७६ साली लिहून दिलं होतं. तो अहवालही लखनौच्या सरकारनेच मागवलेला. पहाडाने सांगितलं नाही असं एकदाही झालेलं नाही.

तुमच्यातला कोणी म्हणेल, लाताच्या तरुणांनाच शिखर खुलं व्हायला हवं असेल तर? कदाचित असेल. रोजगाराची ओढ त्यांना आहे आणि ती रास्त आहे. पण ती मागणी त्यांच्या ग्रामसभेने करावी, त्यांच्या अटींवर करावी, आणि करायची नसेल तर न करण्याचा हक्कही त्यांचाच असावा. त्यांच्या गरिबीचं नाव पुढे करून आपण आपला परवाना मागू नये. तेवढी परतफेड आपण मैदानातल्या माणसांनी करायला हवी.

दरम्यान जायला जागा पुष्कळ आहे. लाता खर्कपर्यंत जा, गावातल्या घरांत उतरा, वाटाड्या गावातलाच घ्या आणि त्याला पुण्याच्या वाटाड्याला द्याल तेवढेच पैसे द्या. लाताच्या नंदामंदिरात जा. बुग्यालवर रात्र काढू नका, काढू देऊ नका. तुमच्या शिबिरांत शिप्टन-टिलमन शिकवता, त्याच दिवशी गौरादेवी शिकवा आणि आंग थार्केंचं नाव घ्या. मुलांना होमकुंडची रीत सांगा. शिखरापासून मागे फिरणं हे अपयश नाही, हे तुमच्यातला प्रत्येक अनुभवी नेता मुलांना सांगतोच. ज्या शिखराकडे निघायचंच नाही असंही एखादं असू शकतं, हे आता सांगायची वेळ आहे.

माझी विनंती नेमकी आहे. तुमच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत हे पत्र वाचून दाखवा. लाता, रेणी आणि तोलमाच्या ग्रामसभा स्वतः बोलावत नाहीत तोवर आमची संस्था नंदादेवीच्या आतल्या खोऱ्यासाठी परवाना मागणार नाही, असा ठराव मांडा आणि मंजूर करून घ्या. ठरावाची एक प्रत उत्तराखंडाच्या वनखात्याला पाठवा आणि एक लाताच्या ग्रामसभेला, हिंदीत लिहून.

आपली,
चारबागची एक सातारकर